उंबऱ्याच्या वर की खाली

बैठक वसाहतीच्या ओपन स्पेसमध्येच होती, लिंबाखाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा जार. विषय गल्ल्यांच्या सिमेंट रोडचा. निधी मंजूर झालेला, आणि तो कुणाच्या प्रयत्नांनी आला हे सांगणारे दोन वेगवेगळे फ्लेक्स समोरासमोर लागलेले. रोड हवा म्हणणारे पुढं, नको म्हणणारे मागं, आणि मधे नेहमीसारखे नुसतेच ऐकायला आलेले. तासभर चढ्या आवाजात बोलणं झाल्यावर कोपऱ्यातल्या जुन्या घरातल्या मावशी उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, "रोड आमच्या उंबऱ्याच्या वर येणारंय का खाली, तेवढं सांगा." कुणीतरी हसलं. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "मावशी, रोड एक नंबर होईल, टेन्शन घेऊ नका." आणि विषय पुन्हा आपल्या जुन्या चाकोरीत गेला : विकास पाहिजे का नको.

त्या सगळ्या तासात कामाचा प्रश्न तेवढा एकच आला होता. त्यालाच उत्तर मिळालं नाही.

लातूरच्या बाहेरच्या प्लॉटिंगमध्ये ज्यांनी एक तरी पावसाळा काढलाय त्यांना चिखल काय असतो हे सांगायला नको. काळी माती चपलेला धरते, दहा पावलांत तळवा तिप्पट होतो, मग चपला हातात. स्कूटीच्या मडगार्डात माती ठासून चाक जाम होतं आणि माणूस रस्त्याच्या मधोमध उकिडवा बसून काडीनं ती उकरत राहतो. रिक्षावाला मेन रोडलाच उतरवून देतो, सिलेंडरची गाडी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवते, आत येत नाही. रात्री-अपरात्री आजारी माणूस न्यायचा झाला तर खाटेला चौघं लागतात. म्हणून सिमेंट मागणाऱ्यांना "यांना निसर्गाचं काही पडलेलं नाही" असं कुणी म्हटलं की राग येतो. असं म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या दारात बहुधा आधीच पक्का रस्ता असतो. पावसाच्या पहिल्या सरीला मातीचा वास येतो हे खरं, पण तिसऱ्या दिवशी त्याच मातीतून नालीचा वास यायला लागतो, त्यावर कुणी काही लिहीत नाही.

विरोधकांचा मुद्दा एका वाक्यात मावतो : सिमेंट झालं की पाणी मुरणार नाही, बोअर आटणार. यात निम्मं खरं आहे. निम्मं का, तर काळी माती म्हणजे काही चाळणी नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून खाली जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतरचं पाणी वरूनच वाहून जातं. त्यातही टँकर आणि ट्रॅक्टरनं वर्षानुवर्षं दाबलेला कच्चा रस्ता तर जवळजवळ बंदच झालेला असतो. त्याखालचा आपला दगड बसाल्ट. भूजलाचा हिशेब करताना अखंड, कठीण बसाल्टमध्ये पावसाच्या पाण्याचे दोनेक टक्केच खाली जातात असं धरतात. सच्छिद्र, भेगाळलेल्या बसाल्टमध्ये फार तर तेराएक. म्हणजे कच्चा रस्ता तसाच ठेवला म्हणून बोअर भरणार नाहीत. खरं पाणी पितात त्या कडेच्या पट्ट्या : कंपाउंडच्या भिंतीलगतची हात-दोन हात जागा, जिथं बांधकामाचा उरलेला मुरूम पडलेला असतो, जास्वंद असते, हरळी असते, जिथं चाक जात नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट ओतलं की जाते ती हीच जागा. वाद मात्र मधल्या चाकोरीवरून चाललाय.

आणि एक गोष्ट कुणाला तरी बोलायलाच हवी. बोअर आटेल म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्यांनी आपापल्या गच्चीचे पाइप कुठं सोडलेत ते एकदा जाऊन पाहावं. नालीत. हजार चौरस फुटांची गच्ची आणि ७०० मिलिमीटर पाऊस धरला, वीस टक्के इकडं-तिकडं गेले म्हटलं, तरी वर्षाला ५२ हजार लिटर होतात. ते आधी अडवा, मग रस्त्यावर बोलू.

पाण्याच्या आकड्यांचं लातूरकराला वेगळंच वेड आहे, आणि ते उगाच नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा वाघिणी मोजायला स्टेशनवर गर्दी होती. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी, २५ लाख लिटर. देशभर बातमी झाली. आता आपली गल्ली घ्या. २०० मीटर लांब, ३० फुटी म्हणजे ९ मीटर रुंद. १८०० चौरस मीटर. तिच्यावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला की १२ लाख ६० हजार लिटर होतात. पन्नास वाघिणींच्या गाडीची निम्मी खेप, फक्त रस्त्यावर, घरांची छपरं सोडून. त्यातलं बरंचसं नालीतून जायलाच हवं, नाहीतर घरात शिरेल. पण सगळंच्या सगळं अर्ध्या तासात नाल्याला लावून द्यायचं, आणि मार्चपासून पाच हजार लिटरचा टँकर विकत घ्यायचा, याला काय म्हणावं? ज्या वर्षी रेल्वे आली त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीला मांजरा धरण भरलं. आपल्याकडं पाऊस पडत नाही असं नाही. तो चार दिवसांत पडतो.

आता मावशींच्या उंबऱ्याकडं.

जुनी घरं बांधली तेव्हा जोतं रस्त्यापासून दीड-दोन फूट वर घेतलं होतं. तेवढं पुरेसं वाटलं असणार. मग पहिल्यांदा गल्लीत मुरूम पडला, सहा इंच. काही वर्षांनी त्यावर खडी आणि डांबर, आणखी सहा इंच. आता सिमेंट रोड : खाली चार इंच पीसीसी, म्हणजे पायाचं साधं काँक्रीट, आणि वर सहा इंच मुख्य काँक्रीट, म्हणजे दहा. बेरीज बावीस इंच. दोन फुटी जोत्याचं घर रस्त्याच्या बरोबरीला आलं, दीड फुटी जोत्याचं खड्ड्यात गेलं. हे एकदम कळत नाही. आधी बाहेर उघडणारं गेट उघडेनासं होतं, म्हणून वेल्डर बोलावून ते खालून कापतात. मग अंगणात भर टाकतात. मग एक दिवस मोरीचं पाणी जायचं थांबतं, कारण नालीचा तळ मोरीच्या पाइपापेक्षा वर गेलेला असतो, आणि जोराचा पाऊस आला की गल्लीतलं पाणी त्याच पाइपातून उलटं न्हाणीघरात येतं. लोक म्हणतात, यंदा पाऊसच फार झाला. पाऊस तेवढाच असतो, रस्ता वर आलेला असतो.

यावरचा उपाय सगळ्या अभियंत्यांना माहीत आहे आणि बहुतेक अंदाजपत्रकांत लिहिलेलाही असतो : आधी खोदायचं. रस्ता जुन्याच पातळीला ठेवायचा तर काँक्रीट आणि पीसीसीचे दहा इंच, खाली दाबलेल्या मुरमाचा किंवा खडीचा सात-आठ इंचांचा थर, मिळून दीड फूट खाली जावं लागतं. यात एका दगडात दोन पक्षी मरतात, कारण तेवढी काळी मातीही निघते. ती राहिली की पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आकसणार, आणि दोनेक वर्षांत रस्त्याच्या काठाला समांतर अशी लांबलचक भेग पडणार. काठ आधी वाळतो म्हणून भेग तिथंच पडते. मग खोदत का नाहीत? माती न्यायची कुठं म्हणून. आपल्या २०० मीटर गल्लीत सिमेंट फक्त मधल्या साडेपाच मीटरला धरलं (तेवढंच का, ते पुढं येईल), तरी दीड फूट खोदाई म्हणजे जागेवरची १७५ ब्रास माती (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), उकरल्यावर फुगून दोनशेच्या वर. टिपर, डिझेल, टाकायला जागा. त्यापेक्षा जेसीबीनं वरवर खरवडून त्यावरच पीसीसी मारणं सोपं. बिल खोदाईचंही लागतं, आणि खोदाई झाली होती की नाही हे एकदा काँक्रीट पडल्यावर कुणाला दाखवता येत नाही.

म्हणून खूण आधी करायची. काम सुरू व्हायच्या आधीच प्रत्येक घराच्या कंपाउंडवर रस्त्याची पक्की झाल्यावरची पातळी लाल रंगानं मारून घ्यायची. पातळी मोजायची दुर्बीण, म्हणजे ऑटो लेव्हल, आणणारा अभियंता आला तर उत्तमच, नाहीतर गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाईप पुरते : दोन माणसं, पाइपात पाणी, दोन्ही टोकं उघडी, आणि मधे हवेचा एकही बुडबुडा नको. बुडबुडा राहिला की पातळी चुकते, आणि घाईत तो नेमका राहतोच. मोजायला सुरुवात मात्र नाल्याकडून करायची, मेन रोडकडून नाही. नालीला दर २०० मीटरला निदान मीटरभर उतार लागतो. तो खालच्या टोकाला मिळत नसेल तर वर कितीही सुंदर काम केलं तरी पाणी कुणाच्या तरी दारात थांबणार. मधल्या रस्त्याला दोन टक्क्यांचा बाक द्यायचा, म्हणजे साडेपाच मीटर रुंदीत मध्य काठापेक्षा साडेपाच सेंटिमीटर वर. लाल खुणेला टेप लावून फोटो काढून ठेवले की पुढचे निम्मे वाद संपतात. बैठकीत हे ठरवायला पाच मिनिटं लागली नसती.

दुसरा घोळ मार्चचा. निधी मार्चअखेर खर्च झाला पाहिजे, म्हणून आपल्याकडचं बहुतेक काँक्रीट फेब्रुवारीच्या शेवटाला सुरू होतं आणि पार मेपर्यंत चालतं. पारा चाळिसाच्या वर, वारा कोरडा, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. काँक्रीटची याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. मिक्सरची गाडी तासभर उन्हात फिरून येते तोवर माल घट्ट झालेला असतो, पसरत नाही, म्हणून मजूर ड्रायव्हरला सांगतात, "सोड थोडं पाणी." ५० किलोच्या पोत्यामागे २२ ते २५ लिटर पाणी हवं, ते तीस-पस्तीसवर गेलं की वर सिमेंटचं पाणी तरंगतं, दिसायला गुळगुळीत थर येतो, आणि वर्षभरात त्याची भुकटी होऊन खडी उघडी पडते. गल्लीत धूळ येते म्हणून सिमेंट केलं, आणि आता सिमेंटचीच धूळ. शिवाय दुपारच्या वाऱ्यात ओतलेला रस्ता तव्यावरच्या भाकरीसारखा वरून आधी सुकतो, आत ओलाच असतो, आणि तासा-दोन तासांत बारीक भेगांची जाळी दिसायला लागते. उन्हाळ्यात ओतायचंच असेल तर संध्याकाळनंतर ओतावं. मजुरी थोडी जास्त जाते, एवढंच.

आता कटरचं, म्हणजे काँक्रीट कापायच्या मशीनचं. काँक्रीट आकसणारच, ते कुठं फुटावं हे आपण ठरवून द्यायचं, म्हणून दर चार-साडेचार मीटरला आडवी खाच मारतात. सहा इंच जाडीला खाच चार ते पाच सेंटिमीटर खोल लागते, आणि ती ओतल्यापासून सहा ते अठरा तासांत मारावी लागते. मे महिन्यात जितक्या लवकर तितकं बरं. कटर भाड्याचा असतो, तो तीन गल्ल्यांना मिळून एकदाच बोलावतात. तिसऱ्या दिवशी मशीन येतं तोवर रस्ता आपल्या मर्जीनं फुटून मोकळा झालेला असतो. मग भेगेच्या शेजारी एक सरळ, शोभेची खाच.

आणि क्युरिंग, म्हणजे ओतलेलं काँक्रीट पक्कं होईपर्यंत ओलं ठेवणं. मातीचे आळे करून पाच सेंटिमीटर पाणी साचवायचं म्हटलं तर गल्लीतल्या साडेपाच मीटर रुंद सिमेंटला एका भरण्याला ५५ हजार लिटर लागतात, म्हणजे अकरा टँकर. एप्रिल-मेमध्ये रोज जवळजवळ सेंटिमीटरभर पाणी उडून जातं, म्हणजे रोजचे आणखी दोन टँकर, निदान चौदा दिवस. लोक हंड्याला महाग झालेले असताना रस्त्यावर पाणी ओतायला कुणाला तोंड आहे? त्यामुळे तीन दिवस पाइपनं शिंपडतात आणि सोडून देतात, आणि कागदावर तीस ग्रेडच्या मजबुतीचा असलेला रस्ता प्रत्यक्षात तिथवर पोचतच नाही. ओलं गोणपाट अंथरून वर प्लास्टिक टाकलं तर पाण्यात खूप बचत होते, पण खरं उत्तर सरळ आहे : हे काम दिवाळीनंतर करा, थंडीत. तेव्हा विहिरींना पाणी असतं, ऊन मवाळ असतं. वसाहतीनं भांडायचंच असेल तर या तारखेसाठी भांडावं. रोड पाहिजे का नको यापेक्षा ते भांडण जास्त उपयोगाचं आहे.

झाडांचं थोडक्यात. लिंबाच्या बुंध्याला टेकवून काँक्रीट ओतलं की झाड लगेच मरत नाही, आणि तीच अडचण आहे. दोन-तीन वर्षांनी शेंडा वाळायला लागतो, तोवर बिल निघालेलं असतं. दिल्लीत २०१३ मध्ये हरित लवादानं झाडांभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढायला लावलं होतं. आपण आधीच चारी बाजूंनी मीटर-मीटर मोकळं सोडावं, त्याला विटांची कड करावी, झालं.

कडेच्या पट्ट्यांचा प्रश्न असा सुटतो. मधे साडेपाच मीटर सिमेंट पुरे होतं. समोरासमोरच्या दोन गाड्या त्यात निघतात, टँकरही येतो. उरलेल्या पावणेदोन-पावणेदोन मीटरच्या पट्टीत नाली, आणि नालीबाहेर गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक. दुचाकी उभ्या राहणार तिथं ६० मिलिमीटरचे चालतात, टँकर चढणार त्या दारांपुढं ८० चेच हवेत. खाली दाबलेला मुरूम, त्यावर तीन-चार सेंटिमीटर कच. कच म्हणजे भरड, पीठ झालेली डस्ट नव्हे. डस्टनं सांधे लिंपले जातात. आणि सांध्यांत सिमेंटचं पाणी ओतू द्यायचं नाही. "पक्कं होतंय" म्हणून मिस्त्री हमखास तेच करतो. काही ठिकाणी तर गट्टूंच्या खाली पीसीसी मारतात. मग गट्टू कशाला, फरशीच लावा. बाहेरच्या कडेला कर्बचा दगड नसेल तर गट्टू सहा महिन्यांत बाजूला सरकतात. यातही एक सावधगिरी आहे : काळ्या मातीत घराच्या पायालगत पाणी मुरवणं अंगाशी येतं. माती फुगली की जोत्याला तडे जातात. १९९३ च्या भूकंपानंतर या भागात भिंतीतला तडा पाहून माणूस नुसता सुस्कारा टाकून गप्प बसत नाही. म्हणून कडेच्या गट्टूंनी पडणारं तेवढंच पाणी प्यावं. साठवून मुरवायचं पाणी पायापासून तीन-चार मीटर लांब न्यावं, म्हणजे ओपन स्पेसमध्ये.

इथं खरी ठिणगी पडते. ०.४ हेक्टरच्या वरच्या लेआउटला दहा टक्के ओपन स्पेस सोडावी लागते, आणि ती सुटली त्या दिवसापासून तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. एका गटाला सभामंडप हवा, दुसऱ्याला ओपन जिम, तिसऱ्याला पार्किंग. सभामंडपाला माझा विरोध नाही. लग्न-बारशाला लोकांनी रस्ता अडवून मांडव घालण्यापेक्षा ते बरं. पण जागेचा सगळ्यात सखल कोपरा आधी पाण्याला द्या. दोन बाय दोन मीटरचा खड्डा, काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोल, बहुधा दोन-तीन मीटर. तळाला मोठे दगड, वर ४० मिलिमीटरची खडी, मग २० ची, आणि सगळ्यात वर फूटभर भरड वाळू. पाणी खड्ड्यात यायच्या आधी गाळाचा एक छोटा हौद. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, कारण त्यात रस्त्यावरचं तेल, शेण, प्लास्टिक सगळं असतं. दर मे महिन्यात वरची वाळू काढून धुऊन पुन्हा टाकायची. हे शेवटचं कुणी करत नाही, म्हणून तिसऱ्या वर्षी खड्डा तुंबतो आणि लोक म्हणतात, असल्या खड्ड्यांचा काही उपयोग नसतो. नाली किंवा रस्त्याचं पाणी थेट बोअरमध्ये सोडायचं तर नावही काढू नका. एका बोअरमधून अख्ख्या गल्लीचं पाणी नासतं. सांडपाण्याचं शास्त्र वेगळं आहे, आणि ते शिकायला लांब जायला नको. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून गावातल्या उघड्या नाल्याच संपवल्या. एका खेड्याला जमलं.

पाइपांचंही आत्ताच ठरवा. दर दोन घरांआड रस्त्याखालून ११० मिलिमीटरचा रिकामा पीव्हीसी पाइप, दोन-अडीच फूट खोल, दोन्ही टोकांना टोपण, आणि कर्बवर रंगाची खूण. पुढं नळाचं कनेक्शन असो की केबल, रस्ता फोडावा लागत नाही. नवा सिमेंट रोड फोडून भरलेली चर पहिल्याच पावसात बसते, कारण तिच्यात निघालेली काळी मातीच परत ढकललेली असते. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीवरून २५०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी आणि तिच्यासोबत शहरात नवी वितरण व्यवस्था टाकायचं काम निघालं, तेव्हा खोदलेल्या रस्त्यांवरून तिथल्या लोकांनी काय काय ऐकवलं ते तिकडच्या पाहुण्यांना विचारा.

पैसे कुठून आणायचे, असं लगेच विचारतील. सहा इंच जाडीनं नऊ मीटर रुंद ओतलं तर २०० मीटर गल्लीला २७० घनमीटर काँक्रीट लागतं. साडेपाच मीटरला १६५. वाचलेल्या १०५ घनमीटरांच्या पैशांत गट्टू, कर्ब, रिकामे पाइप आणि कोपऱ्यातला खड्डा यातलं बरंचसं भागतं. नगरसेवकांना हे पटवता येईल, अभियंत्यांना तर ते आधीच माहीत आहे. नाराज होईल तो कंत्राटदार. त्याला गट्टू बसवणारी वेगळी टोळी आणावी लागते, माती वाहावी लागते, आणि त्याचा नफा ओतलेल्या घनमीटरांत असतो. बैठकीत "भिंतीपासून भिंतीपर्यंत करू, एकदम चकाचक" असं सगळ्यात आधी कोण म्हणालं, ते तिथं बसलेल्या सगळ्यांनी ऐकलंय.